वालधुनीच्या काठाने चार दिवस, सोबत तिहुआना नदीचा जमाखर्च

प्रवास चार दिवसांचा, सगळा लोकलने, रिक्षाने आणि पायी. काकोळ्याच्या डोंगरातून निघून अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण करत उल्हासच्या खाडीला मिळणारी वालधुनी जेमतेम 31 किलोमीटरची नदी आहे. तिला जोडून शहाड-मोहन्याची उल्हास, मग नवी मुंबईतलं मलप्रक्रिया केंद्र आणि शेवटी ऐरोलीची खाडी. ठाणे जिल्हा न सोडता एवढ्यात नदीच्या सगळ्या अवस्था पाहून होतात.

सोबतच्या वहीत मात्र भलत्याच नदीचा हिशेब होता. अमेरिका-मेक्सिको सीमेवरची तिहुआना. घाण एका देशात तयार होते, भोगावी लागते दुसऱ्या देशात आणि पैसा दोन्ही सरकारांनी मिळून काढायचा, हे तिथे गेली कित्येक दशकं चालू आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय सीमा नाही, पण वालधुनी तीन नागरी संस्थांच्या हद्दी ओलांडते आणि दुखणं तेच आहे. दोन्ही हिशेब शेजारी ठेवल्याशिवाय आपला नीट कळत नाही.

महिना जानेवारीचा. पावसाळ्यात सगळं पातळ होतं आणि नाला नदीसारखा दिसतो. जानेवारीत वरून येणारं पाणी जवळपास थांबलेलं असतं, त्यामुळे पात्रात जे वाहताना दिसतं ते कुणीतरी सोडलेलंच असतं. तिहुआनालाही कोरड्या दिवसांत हीच कसोटी लागते.

पहिला दिवस: काकोळे ते अंबरनाथचं शिवमंदिर

अंबरनाथ पूर्वेहून रिक्षाने काकोळे. गावाजवळ जुन्या जीआयपी रेल्वेने बांधलेलं धरण आहे, लोक अजूनही जीआयपी टँकच म्हणतात. हे पाणी आज 'रेल नीर'च्या प्रकल्पात जातं आणि बाटलीत भरून फलाटावर विकलं जातं. वालधुनी याच पाणलोटातून निघते. उल्हासनगरच्या पुलावर जिच्यामुळे नाकाला रुमाल लावावा लागतो, तिच्या माथ्यावरचं पाणी प्रवासी पैसे देऊन पितात. वालधुनीला जन्मतः गटार समजणाऱ्याने आधी इथे यावं.

नमुना घ्यायची पद्धत चारही दिवस एकच ठेवली. 300 मिलिलिटरची काचेची बीओडी बाटली (बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू संपवतात त्याचं माप) पाण्याखाली तिरपी धरून, आत बुडबुडा न राहता भरायची. बादलीने उपसून ओतलं तर ओतताना हवा मिसळते आणि मेलेलं पाणीही जिवंत असल्याचा आकडा देतं. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक हीच. भरल्यावर मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड एकेक मिलिलिटर, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं. झाकण घट्ट लावून बाटली पंधरा-वीस वेळा उलटसुलट करायची. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका दुधासारखा पांढरा. पुढे गंधकाम्ल, मग 200 मिलिलिटर द्राव घेऊन 0.025 नॉर्मल थायोसल्फेटने, स्टार्चचा निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन: जितके मिलिलिटर लागतील तितके मिलिग्रॅम प्राणवायू प्रति लिटर. धरणाखालच्या बाटलीत साका गडद तपकिरी, तळाला जाड थर.

तिथून पात्राच्या कडेने खाली. एमआयडीसीचा पट्टा आणि दाट वस्ती सुरू झाली की दोन्ही बाजूंनी नाले मिळू लागतात. काही पाइप सिमेंटचे, पालिकेचे. काही पीव्हीसीचे, कुणी टाकले ते सांगायला कुणी नाही. शिवमंदिर स्टेशनपासून दोनेक किलोमीटरवर. शिलालेख शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060. मंदिर बांधणाऱ्यांनी जागा निवडली ती नदीकाठ म्हणून. आज त्याच काठावरून पाहिलं तर पाण्यावर राखी साय आहे. इथल्या बाटलीतला साका फिकट, तळाला फक्त तपकिरी झाक. पाचेक किलोमीटरच्या आत नदीचा श्वास अर्ध्यावर आलेला होता.

बीओडीसाठी वेगळ्या बाटल्या भरून बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत दिल्या. आपल्याकडे ही चाचणी 27 अंशांवर तीन दिवस चालते, अमेरिकेत 20 अंशांवर पाच दिवस. उष्ण हवामानात सूक्ष्मजीव वेगाने खातात म्हणून दिवस कमी. दोन देशांचे आकडे ताडून पाहताना हे लक्षात ठेवावं लागतं. आजच्या बाटल्यांचा निकाल चौथ्या दिवशी.

रात्री वही उघडली. तिहुआना खोरं सुमारे 4,500 चौरस किलोमीटरचं, त्यातलं जवळपास तीन चतुर्थांश मेक्सिकोत, मुख मात्र अमेरिकेत, सॅन डिएगोच्या दक्षिणेला. 1944 च्या पाणीवाटप कराराच्या तिसऱ्या कलमात दोन्ही सरकारांनी सीमेवरच्या सांडपाण्याच्या प्रश्नांना अग्रक्रम देण्याचं कबूल केलं आहे. कराराची अंमलबजावणी करणाऱ्या संयुक्त आयोगाचा प्रत्येक निर्णय 'मिनिट' म्हणून क्रमांकाने नोंदतात. मिनिटावर कुठल्याही सरकारने 30 दिवसांत हरकत घेतली नाही तर ते मंजूर धरलं जातं. छोटी तरतूद, पण फार मोलाची. फाइल गप्प बसून मारता येत नाही.

अंबरनाथ, उल्हासनगर आणि कल्याण-डोंबिवली यांच्यात असं मिनिटबुक नाही. तिघांना एका टेबलावर आणलं ते कोर्टाने. वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर उल्हास आणि वालधुनीबाबत राष्ट्रीय हरित लवादाचा निकाल 2015 मध्ये आला. पैसाही एका नदीला एका दराने येत नाही. शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठीच्या अमृत 2.0 योजनेत केंद्र सरकारचा वाटा लोकसंख्येवर ठरतो: एक लाखाखाली निम्मा, एक ते दहा लाखांना एक तृतीयांश, दहा लाखांवर पाव. 2011 च्या जनगणनेत अंबरनाथ अडीच लाख, उल्हासनगर पाच लाख, कल्याण-डोंबिवली साडेबारा लाख. त्यामुळे वरच्या दोघांना एक तृतीयांश आणि सगळ्यांचं पाणी झेलणाऱ्या खालच्याला पाव. नियम शहरांसाठी बरोबर आहे, पण नदी कुणाच्याच खात्यात बसत नाही.

दुसरा दिवस: उल्हासनगर, शहाड, मोहने

सकाळी सातच्या आत उल्हासनगर गाठावं. सांडपाण्याचा जोर सकाळी सात ते दहा सर्वांत जास्त असतो. अभियंत्यांच्या हस्तपुस्तिकेत याला शिखर गुणक म्हणतात: पन्नास हजार ते साडेसात लाख लोकवस्तीला सरासरीच्या 2.25 पट. दुपारी दोन वाजता नमुना घेऊन 'नाला ठीक आहे' म्हणणं म्हणजे गर्दीची लोकल रविवारी दुपारी मोजणं.

शहराच्या मधल्या पुलावरून दोरीने बाटली सोडली. पात्रात उतरायचं नाही. तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं. वास गेला म्हणून पुढे जाणारेच दगावतात. बाटलीतला साका पांढरा. नुसता पांढरा, तपकिरीचा ठिपकाही नाही.

शहर किती सांडपाणी तयार करतं, हे कागदावर काढता येतं. माणशी 135 लिटर पाणी, त्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं, म्हणजे 108 लिटर. जनगणनेतल्या 5 लाख 6 हजारांना गुणलं की साधारण 55 एमएलडी, म्हणजे दिवसाला 55 दशलक्ष लिटर. हा झाला नुसता घरांचा भार. कापड धुणं-रंगवणं, जीन्सचे कारखाने हे वेगळं आणि त्याचा रंग घरगुती केंद्रातल्या सूक्ष्मजीवांना पचत नाही.

मग कल्याणला गाडी बदलून शहाड. वालधुनी खाडीला मिळते ती कल्याणपाशी, भरती-ओहोटीच्या पाण्यात. उल्हासनगरचा खेमाणी नाला मात्र थेट उल्हासमध्ये जात असे, तोही जिथून लाखो लोकांचं पिण्याचं पाणी उचललं जातं त्या शहाड-मोहने पट्ट्यात. म्हणून तो अडवून त्याचं पाणी पंपाने शांतीनगरच्या केंद्राकडे वळवायची योजना झाली. प्रक्रिया झालेलं पाणी तिथून वालधुनीत.

नाला अडवून वळवायची ही युक्ती साधी दिसते, पण बिघडते ती दर वेळी त्याच चार-पाच ठिकाणी. नाल्यात आडवा बंधारा, अलीकडे जाळी, मग विहीर, विहिरीत पंप. जाळीत प्लास्टिक अडकतं ते तासातासाला काढलं नाही तर पाणी बंधाऱ्यावरून उलटतं. जाळीतून निसटलेल्या चिंध्या आणि केस पंपाच्या पंख्याला दोरीसारखे गुंडाळतात, मोटर तापते, ट्रिप होते. विहिरीत गाळ साचला की पंप हवा ओढतो. वीज गेली तर जनरेटर असतो, पण डिझेलची तरतूद वेगळ्या शीर्षाखाली. आणि सर्वांत नेहमीचं: पाच पंपांतले दोन राखीव असतात. चालू पंपाचा सुटा भाग मिळेना की तो राखीव पंपातून काढतात. वर्षाने पाहावं तर कागदावर पाच आणि चालू दोन.

तिहुआनात अगदी हीच यंत्रणा सीमेच्या काही पावलं अलीकडे आहे. पीबी-सिला नावाचं पंप हाउस नदीतलं कोरड्या दिवसांचं पाणी उचलून दुसरीकडे वळवतं. ते सेकंदाला 1,000 लिटरपर्यंतच्या प्रवाहासाठी. पाऊस पडून प्रवाह वाढला की पंप बंद करावे लागतात, नाहीतर वाळू आणि कचरा त्यांना खाऊन टाकतो. मग सगळं सीमेपार. बाजूच्या घळींतून येणारं पाणी पकडायला अमेरिकेच्या बाजूला पाच ठिकाणी कलेक्टर, म्हणजे पाणी गोळा करणारी बांधकामं, आहेत, तिथेही डोंगर-वस्त्यांवरून येणारी माती हीच डोकेदुखी. उल्हासनगरचा पंपचालक आणि तिथला पंपचालक एकमेकांची भाषा न कळताही एकमेकांचं काम ओळखतील.

मोहन्याचा बंधारा दुपारी. जानेवारीपासून जलपर्णी धरायला लागते. ती मुळात नत्र आणि फॉस्फरस जास्त झाल्याची खूण. काढलेली जलपर्णी काठावरच ढीग करून ठेवली तर कुजून तेच नत्र परत पात्रात. वाहून नेण्याचा ट्रक निविदेत नसेल तर काढण्याचा खर्च फुकट जातो.

तिसरा दिवस: नवी मुंबई

ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे. मलप्रक्रिया केंद्र पाहायचं तर पालिकेच्या अभियांत्रिकी विभागाकडे आधी लेखी अर्ज करावा, ओळखपत्र न्यावं, बंद बूट घालावेत.

आजचा दिवस सावकाश पाहण्यासारखा. नवी मुंबईची केंद्रं सी-टेक पद्धतीची, म्हणजे एकाच टाकीत सगळे टप्पे पाळीपाळीने. आधी जाड जाळी, मग 6 मिलिमीटरची बारीक जाळी, मग रेती खाली बसवणारी टाकी. पुढे मोठ्या हौदात पाणी भरत असतानाच तळातल्या डिफ्यूजरमधून हवा. साधारण दीड तास हवा, पाऊण तास सगळं थांबवून गाळ बसू द्यायचा, पाऊण तास वरचं निवळ पाणी काढायचं. ते काढायला डिकँटर असतो, एक लांब पन्हळ जी पृष्ठभागावर हळूहळू खाली उतरते. ती फार वेगाने उतरली तर गाळ ओढते, कडा तिरपी झाली तर एका बाजूने गढूळ पाणी जातं. कर्मचारी एक लिटरच्या मोजपात्रात हौदातलं पाणी घेऊन अर्धा तास स्थिर ठेवतो. गाळ किती मिलिलिटरवर बसला ते पाहून त्याला कळतं की आज गाळ काढायचा की ठेवायचा. पडद्यावर सगळे आकडे असतात, तरी निर्णय त्या काचेच्या नळकांड्यावरून होतो. गाळ फुगून वरच तरंगायला लागला तर बहुतेक वेळा तंतुमय जिवाणू माजलेले असतात, कारण हवा कमी पडली किंवा कारखान्याचं काही आत आलं.

नेरूळ आणि वाशीची केंद्रं प्रत्येकी 100 एमएलडीची. सीमेवर सॅन डिएगोच्या बाजूला असलेलं साउथ बे आंतरराष्ट्रीय केंद्र जन्मलं तेव्हा दिवसाला अडीच कोटी गॅलनचं होतं, म्हणजे 95 एमएलडी. नेरूळएवढंच! फक्त त्यात येणारं पाणी दुसऱ्या देशातलं.

या केंद्राचा जमाखर्च पुन्हा पुन्हा वाचावा असा. 1990 च्या 283 क्रमांकाच्या मिनिटाने ते ठरलं. मेक्सिकोने आपल्या हद्दीत तेवढंच केंद्र बांधायला जो खर्च आला असता तो द्यायचा, उरलेला अमेरिकेने. 1997 मध्ये केंद्र सुरू झालं ते प्राथमिक प्रक्रियेवर. दुय्यम प्रक्रिया, म्हणजे हवा देऊन सूक्ष्मजीवांना घाण खायला लावण्याचा टप्पा, यायला 2011 उजाडलं. 2020 मध्ये अमेरिका-मेक्सिको-कॅनडा यांच्या नव्या व्यापार कराराच्या कायद्यातून 30 कोटी डॉलर पर्यावरण संस्थेला, ईपीएला, मिळाले. पण केंद्र चालवतो तो सीमेचा संयुक्त आयोग, म्हणजे खातं वेगळं. एका खात्याचा पैसा दुसऱ्याला द्यायला संसदेची स्वतंत्र परवानगी लागली. 2022 च्या 328 क्रमांकाच्या मिनिटात एकूण 47.4 कोटी डॉलरची कामं ठरली: अमेरिका 33 कोटी, मेक्सिको 14.4 कोटी. मग केंद्र उघडून पाहिलं तर रखडलेल्या देखभालीचाच खर्च सुमारे 15 कोटी डॉलर निघाला. क्षमता दुप्पट करण्यासाठी आलेल्या पैशातला मोठा भाग जुनं धड करण्यात जाणार, हे उघड झालं. ऑगस्ट 2023 मध्ये हिलरी वादळाच्या पावसाने पंपांचं आणखी नुकसान केलं. डिसेंबर 2024 मध्ये संसदेने 25 कोटी डॉलर वाढवून दिले. जुलै 2025 मध्ये दोन्ही सरकारांनी नवा सामंजस्य करार केला, पुढच्याच महिन्यात क्षमता साडेतीन कोटी गॅलनवर गेली. पाच कोटींचं लक्ष्य डिसेंबर 2027 चं.

नेमकं कुठे दुखतं? सीमेवरच्या जलसुविधांसाठी ईपीएचा जो अनुदान कार्यक्रम आहे तो नॉर्थ अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेमार्फत सीमेपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात, दोन्ही बाजूंना, नियोजन, आराखडा आणि बांधकामाला पैसा देतो. चालवण्याला नाही. आपल्याकडेही तेच: केंद्र सरकारचा हप्ता 20, 40, 40 टक्क्यांनी बांधकामाच्या प्रगतीवर येतो आणि वीज, रसायनं, माणसं पालिकेने करातून भागवायची. या पद्धतीच्या केंद्राला दर दशलक्ष लिटरमागे दीडशे ते दोनशे युनिट लागतात. उल्हासनगरच्या 55 एमएलडीला लावून पाहा. युनिट 8 रुपये धरलं तरी नुसती वीज दिवसाला 66 ते 88 हजार, वर्षाला सुमारे 2.4 ते 3.2 कोटी. उद्घाटनाच्या कोनशिलेवर हा आकडा कधीच कोरलेला नसतो, पण केंद्र जगतं ते यावर.

यावर इलाज नाही असं नाही, दोन तर भारतातच चालू आहेत. नमामि गंगेतल्या हायब्रीड ॲन्युइटी कंत्राटात ठेकेदाराला बांधताना फक्त 40 टक्के मिळतात, उरलेले 60 टक्के 15 वर्षांत, पाणी निकषात बसत राहिलं तरच. वाराणसीचं रमणा इथलं 50 एमएलडीचं केंद्र या पद्धतीचं. दुसरा इलाज समोरच दिसतो: कोपरखैरणे आणि ऐरोलीला अमृतमधून प्रत्येकी 20 एमएलडीचा शुद्धीकरणाचा तिसरा टप्पा उभा आहे, तिथलं पाणी एमआयडीसीच्या कारखान्यांसाठी. कारखान्याने हे पाणी विकत घेतलं की पिण्याचं पाणी वाचतं आणि केंद्राला स्वतःची मिळकत होते. वालधुनीच्या काठावर कारखाने आहेत, सांडपाणीही आहे. जोडणारी पाइपलाइन नाही.

चौथा दिवस: ऐरोलीची खाडी

भरतीची वेळ आधी पाहून निघायचं, ओहोटीला बोट हलत नाही. किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो पाहायला बोटी सुटतात. 2015 चं अभयारण्य, 1,690 हेक्टर, 2022 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिहुआनाचं मुखही 2005 पासून रामसर यादीत आहे. दोन्हीकडे पक्षी आंतरराष्ट्रीय मानाचे आणि पाणी नाल्याचं.

फ्लेमिंगो चिखलातलं निळं-हिरवं शेवाळ खातात आणि सांडपाण्यातल्या नत्रामुळे शेवाळ वाढतं, म्हणून काहींना वाटतं प्रदूषण बरंच. हे अर्धवट आहे. नत्र थोडं वाढलं तर शेवाळ, फार वाढलं तर प्राणवायू संपतो आणि कोळ्याच्या जाळ्यात मासळीऐवजी गाळ येतो. खाडीवरचे जुने मच्छीमार मासळी कुठे कुठे मिळायची ते नाल्यांच्या तोंडांच्या खुणेने सांगतात. तिकडे तिहुआनाच्या मुखाजवळचा इंपीरियल बीचचा किनारा सांडपाण्यामुळे सलग हजाराहून जास्त दिवस बंद राहिला. किनारा बंद करायला निदान फलक लावतात. खाडी कुणी बंद केल्याचं जाहीर करत नाही, मासळी फक्त कमी होत जाते.

मेक्सिकोची बाजूही नोंदवली पाहिजे. सीमेच्या दक्षिणेला दहाएक किलोमीटरवर सॅन अँतोनियो दे लोस बुएनोसचं जुनं केंद्र निकामी झालं होतं, सांडपाणी जवळपास तसंच समुद्रात आणि प्रवाहाबरोबर उत्तरेला. तिथे नवं, सेकंदाला 800 लिटरचं केंद्र जानेवारी 2024 मध्ये बांधायला घेऊन 2025 मध्ये चालू केलं. वरच्याने आपल्या हद्दीत केलेल्या कामाचा फायदा सर्वांत आधी खालच्याला होतो. म्हणूनच अमेरिकेचा पैसा सीमेपलीकडे खर्च करण्याची सोय त्या अनुदानात आहे, अट एकच, लाभ अमेरिकेच्या बाजूलाही दिसला पाहिजे. कल्याण-डोंबिवलीने अंबरनाथच्या हद्दीतल्या जाळीसाठी किंवा पंपासाठी पैसे द्यावेत, असं शीर्ष आपल्या कुठल्या पालिकेच्या अंदाजपत्रकात घालता येईल का, हे आता विचारायला हवं. खालच्याला ते स्वस्त पडेल.

संध्याकाळी प्रयोगशाळा. पहिल्या दिवसाच्या बाटल्या इनक्युबेटरमधून निघायची वेळ. सांडपाणी मिसळलेला नमुना तसाच ठेवला तर काही तासांत सगळा प्राणवायू संपतो आणि आकडा निरर्थक होतो, म्हणून तो हवा खेळवलेल्या शुद्ध पाण्यात 1, 2 आणि 5 टक्के मिसळून वेगवेगळ्या बाटल्या लावल्या होत्या. तीन दिवसांनंतर बाटलीत किमान 1 मिलिग्रॅम शिल्लक आणि किमान 2 मिलिग्रॅम खर्च, तरच ती धरायची. जीआयपी टँकच्या पाण्याला पातळ करायची गरजच नव्हती. शिवमंदिराच्या काठावरच्या पाण्याची 5 टक्क्यांची बाटली उघडून मँगनस सल्फेट घातलं तर साका पांढरा बसला. ती बाद. मग 2 टक्क्यांची उघडली.